गाडीची टचस्क्रीन गप्प झाली तर : किनारपट्टीवरील नव्या गाडीमालकांसाठी

नवी गाडी घेतलेल्या माणसाला डॅशबोर्डवरची मोठी स्क्रीन म्हणजे गाडीचा मेंदूच वाटते आणि ती एखाद्या सकाळी काळी पडली, की आता गाडीच गेली अशी धास्ती बसते. प्रत्यक्षात इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा कारभार वेगळ्या कंट्रोल युनिटांकडे असतो. गाणी, नकाशा, फोन आणि मागचा कॅमेरा सांभाळणारे हेड युनिट बंद पडले, तरी गाडी घरापर्यंत येते. आपल्या किनारपट्टीवर अशा तक्रारींच्या मागे मला जे आढळले, त्यात स्क्रीन स्वतः जळल्याची उदाहरणे थोडी, आणि उतरलेली बॅटरी, खारवलेली जोडणी, ओलावा किंवा निकामी केबल यांची उदाहरणे पुष्कळ. त्यामुळे तपासणी नेहमी फुकटाच्या उपायापासून सुरू करावी आणि खर्चाच्या उपायाकडे सावकाश जावे. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी गाडी बाजूला घ्या

चालत्या गाडीत स्क्रीनशी झटापट करू नये, हे सांगायला नको. पण कशेडी किंवा परशुराम घाटात पाऊस कोसळत असताना नेमके तेच करण्याचा मोह होतो, कारण अलीकडच्या काही गाड्यांत एसीची बटणेही स्क्रीनमध्येच गेली आहेत. स्क्रीन गोठली आणि आतून काच धुरकटली, तर समोरचे काहीच दिसेनासे होते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली कराव्यात, रुंद जागा पाहून पार्किंग लाइट लावून थांबावे आणि कोरड्या कपड्याने काच आतून पुसावी. पुष्कळ गाड्यांत समोरच्या काचेचे धुके घालवण्याचे बटण अजूनही वेगळे दिलेले असते. ते कोठे आहे, हे घरच्या अंगणात, ऊन असताना पाहून ठेवावे. मागचा कॅमेराही स्क्रीनबरोबरच जातो, त्यामुळे दोन गडग्यांमधल्या अरुंद वाटेने गाडी मागे घेताना किंवा जेट्टीच्या उतारावर कोणाला तरी खाली उतरवून मागे उभे करावे.

नेमके काय बंद आहे, ते ठरवा

‘स्क्रीन चालत नाही’ या तीन शब्दांत निदान चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. स्क्रीन काळी आहे, पण गाणे चालू आहे. चित्र दिसते, पण बोटाला दाद देत नाही. कंपनीचे चिन्ह येते आणि पुन्हा पुन्हा तेच येत राहते. किंवा कोणी हात न लावताही बटणे आपोआप दाबली जातात. यांपैकी आपले लक्षण कोणते, हे ठरवण्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. स्टिअरिंगवरच्या बटणाने आवाज कमी-जास्त होतो का ते पाहावे. होत असेल, तर हेड युनिट जिवंत आहे आणि दोष स्क्रीनच्या किंवा तिच्या केबलच्या बाजूला आहे. गाडी उभी असताना ब्रेक दाबून रिव्हर्स गिअर टाकावा; कॅमेऱ्याचे चित्र उमटले, तर स्क्रीनचा दिवाही शाबूत आहे आणि अडकले आहे ते बहुधा सॉफ्टवेअर. काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहावा. पुसट अक्षरे दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त त्यामागचा प्रकाश गेलेला आहे. हे काम दुकानातच होते. ब्राइटनेस अगदी खाली गेला आहे किंवा स्क्रीन बंद ठेवण्याचा पर्याय चुकून दाबला गेला आहे, असेही घडते, आणि मुले मागच्या सीटवरून पुढे झुकत असतील तर फारच वारंवार घडते.

याच ठिकाणी एक खुलासा करतो. नकाशाच्या जागी करडे चौकोन दिसत असतील आणि बाकी सर्व चालत असेल, तर तो स्क्रीनचा बिघाड नाही. घाटात मोबाइलची रेंज जाते आणि फोनवरून येणारा नकाशा तेथेच थांबतो. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, की हा प्रश्न उरत नाही.

खरा रीस्टार्ट

चावी फिरवून गाडी बंद केली आणि लगेच चालू केली, म्हणजे स्क्रीन रीस्टार्ट झाली, हा समज चुकीचा आहे. अनेक गाड्यांत हेड युनिट पूर्ण बंद होत नाही, ते केवळ झोपते, आणि जागे होताना आधीचाच गोंधळ पुढे चालवते. काही गाड्यांत तर ड्रायव्हरचे दार उघडेपर्यंत त्याची वीज तुटतच नाही. त्यामुळे गाडी बंद करावी, दार उघडून उतरावे, गाडी लॉक करावी आणि बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी घेऊन लांब जाऊन पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तेवढ्यात एक चहा होतो.

एवढ्याने भागले नाही, तर सक्तीचा रीस्टार्ट करावा. पुष्कळ गाड्यांत आवाजाचे किंवा पॉवरचे बटण १० ते १५ सेकंद दाबून धरल्यावर युनिट नव्याने सुरू होते. काही गाड्यांत टाचणीच्या टोकाएवढे रीसेटचे छिद्र असते, त्यात सिमकार्ड काढण्याची पिन हलकेच दाबायची असते. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, हे ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तिकेत दिलेले असते. या रीस्टार्टने सहसा सेटिंग पुसली जात नाहीत. फॅक्टरी रीसेट हा मात्र वेगळा प्रकार आहे, त्यात जोडलेले फोन, जतन केलेले पत्ते, रेडिओची स्टेशने असे सर्व जाते, म्हणून तो शेवटी ठेवावा.

फोन, केबल आणि पेनड्राइव्ह

स्क्रीन केवळ अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनवरची ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, लावल्यावरच गोठत असेल, तर संशय आधी फोनवर घ्यावा. यूएसबीला लावलेले सर्व काढावे, गाडी रीस्टार्ट करावी आणि काहीही न जोडता स्क्रीन अर्धा तास नीट चालते का ते पाहावे. नंतर दुसऱ्या कोणाचा तरी फोन लावून पाहावा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. आणि चांगली केबलही समुद्राजवळच्या गाडीत वर्ष-दीड वर्षात टोकाला काळवंडते. पेनड्राइव्हचे दुखणे निराळेच. हजारो गाण्यांनी भरलेला किंवा आतून खराब झालेला पेनड्राइव्ह वाचताना युनिट तासन्‌तास अडकून बसते आणि मालक स्क्रीनला दोष देत राहतो. भजनांचा जुना पेनड्राइव्ह काढून ठेवल्यावर ‘बिघडलेली’ स्क्रीन बरी झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

काचेवरचे मीठ

हा भाग पुण्या-नाशिकच्या वाचकाला फारसा लागणार नाही, आपल्याला मात्र लागतो. आजच्या गाड्यांतील स्क्रीन बहुतेक कपॅसिटिव्ह प्रकारची असते, म्हणजे काचेखालच्या सूक्ष्म विद्युतक्षेत्रात बोटामुळे पडणारा फरक ती ओळखते. खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे काचेवर त्याचा पातळ थर बसला, की स्क्रीनला तेथे बोट असल्याचा भास होतो किंवा खरे बोट कळेनासे होते.

गेल्या वैशाखात दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने येताना आम्ही काचा खाली करून वारा खात बसलो होतो. उतरून जेट्टीवर गाडी उभी केली, तोवर रेडिओची स्टेशने आपोआप बदलू लागली होती, आणि पाठोपाठ स्क्रीनने आपल्याच मनाने आमच्या व्याह्यांना फोन लावला. फोन लागलाच म्हटल्यावर सर्वांची ख्यालीखुशाली विचारणे भाग पडले. मी घाईने ओल्या रुमालाने काच पुसली, त्याने प्रकार आणखी वाढला. मग गाडी बंद केली, बूटमध्ये बॅटरीसाठी ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब मायक्रोफायबरच्या कपड्यावर घेतले, एकाच दिशेने काच पुसली आणि दुसऱ्या कोरड्या कपड्याने टिपली. तरीही उजव्या कडेचा भाग आपोआप दाबला जातच होता. शेवटी वरची स्क्रीनगार्ड सोलली, तेव्हा तिच्या कडेखाली मिठाची बारीक पांढरी रेघ निघाली. ती पुसल्यावर त्रास थांबला. तेव्हापासून मी स्क्रीनगार्ड लावलेली नाही, आणि लावायचीच असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर लावू नये असे माझे मत आहे, कारण तिच्याखाली शिरलेला ओलावा दिवाळीपर्यंत हलत नाही.

काच पुसताना पाणी थेट स्क्रीनवर फवारू नये, ते कडेने आत उतरते. सॅनिटायझर, अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव आणि डॅशबोर्ड चकचकीत करणारे पॉलिश या तिन्ही वस्तू स्क्रीनपासून लांब ठेवाव्यात.

उन्हाचे थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत गणपतीपुळे किंवा मालवणच्या किनाऱ्यावर दिवसभर उभी राहिलेली गाडी उघडल्यावर स्क्रीन मंद किंवा काळी दिसली, तर युनिट उष्णतेपासून स्वतःचा बचाव करत असण्याची शक्यता मोठी. दारे उघडी ठेवावीत, एसी लावावा, पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. ओला कपडा लावून तिला थंड करू नये.

बॅटरी : चाकरमान्यांच्या गाड्यांचे खरे दुखणे

गावच्या घरी गाडी ठेवून मालक मुंबईला, आणि गाडी पडवीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिमग्यापासून गणपतीपर्यंत उभी, हे दृश्य नवे नाही. उभी गाडीही वीज खातेच. समजा, घड्याळ, लॉक आणि अलार्म मिळून ३० मिलिअँपिअर वीज ओढत असतील, तर ३० दिवसांत सुमारे २२ अँपिअर-तास खर्ची पडतात; छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिन्याभरात ती निम्म्यावर येते. डॅशकॅम किंवा ट्रॅकर बसवलेला असेल, तर त्याहून आधी.

‘इंजिन सुरू होते, म्हणजे बॅटरी चांगली’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता वाद घालत नाही, सरळ मल्टिमीटर हातात देतो. गाडी काही तास बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. स्टार्टर फिरताना दाब क्षणभर खाली येतो, तो १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी थकलेली आहे. इंजिन तेवढ्यातही सुरू होते, पण हेड युनिटला तो झटका सोसत नाही. ते मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि मालकाला दिसते ते फक्त फिरून फिरून येणारे कंपनीचे चिन्ह. विजेवर चालणाऱ्या गाडीतही हे लागू आहे, कारण तिची मोठी बॅटरी भरलेली असली, तरी स्क्रीन चालते ती निराळ्या १२ व्होल्टच्या यंत्रणेवर.

माझ्या गाडीची स्क्रीन असेच चिन्ह दाखवत बसली होती, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने पाहताक्षणी पूर्ण हेड युनिट बदलण्याचा सल्ला दिला. घरी येऊन बॉनेट उघडले, तर काळ्या वायरीचे टर्मिनल हाताने फिरत होते आणि त्यावर हिरवट-पांढरा थर चढला होता. दहा नंबरचा पाना, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश यांवर काम भागले.

ते काम असे करावे. गाडी बंद करून चावी काढावी आणि काही मिनिटे थांबावे. रेडिओला सुरक्षा कोड लागत असेल, तर तो आधी हाताशी घ्यावा. हातमोजे आणि चष्मा घालावा. प्रथम काळे, म्हणजे ऋण टर्मिनल काढावे, मग लाल. बसवताना आधी लाल आणि मग काळे. हा क्रम उलटला आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात सोडा कालवून थर घासावा, बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नये, सर्व कोरडे करावे आणि टर्मिनल घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात, त्यांच्या काळ्या टर्मिनलवर बहुधा एक सेन्सर असतो, तो ओढाताण करून काढू नये. जोडणी झाल्यावर घड्याळ लावावे लागेल आणि खिडकीची काच एका दाबात वर जाणे बंद झालेले असेल. ते परत कसे शिकवायचे, हे पुस्तिकेत असते.

फ्यूज

बॅटरी ठीक आहे आणि स्क्रीनला अजिबात जीव नाही, तर फ्यूज पाहावा. हेड युनिटला साधारणपणे दोन वाटांनी वीज मिळते. एक कायमची, स्मरणासाठी. दुसरी चावी फिरवल्यावरची. त्यामुळे एक फ्यूज ठीक दिसला म्हणून थांबू नये. एक पेटी डॅशबोर्डखाली आणि दुसरी बॉनेटमध्ये, अशी मांडणी नेहमीची आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढावा आणि उजेडासमोर धरावा. आतली पट्टी तुटलेली असेल, तर त्याच क्षमतेचा नवा घालावा. पाय हिरवट झाले असतील, तर फ्यूज शाबूत असूनही वीज पोहोचत नाही. नवा फ्यूज लगेच उडाला, तर तेथेच थांबावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून वेळ मारून नेणे म्हणजे वायरिंगला आग लावणे आहे. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये, ते बहुधा एअरबॅगचे असतात. विजेच्या गाडीत नारिंगी केबलपासूनही लांब राहावे.

बाजारातून बसवलेल्या अँड्रॉइड प्लेअरमध्ये पिवळी वायर कायमच्या विजेची, लाल चावीची आणि काळी अर्थिंगची असते. गाडी बंद केल्यावर प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशने पुसली जात असतील, तर पिवळ्या वायरीची जोडणी सुटली आहे असे समजावे. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी आपल्या हवेत फार दिवस टिकत नाही. टेप सुटते, तांबे हिरवे पडते. अशा जोडण्या डाग देऊन, वर हीट श्रिंक नळी चढवून पक्क्या करून घ्याव्यात.

पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात बंद पडलेली स्क्रीन असेल, तर पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅटिंग उचलून खाली हात लावून पाहावा. तेथे ओल असेल, तर समोरच्या काचेखालची जाळी आंब्या-फणसाच्या पानांनी तुंबली आहे किंवा एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी बुजली आहे, अशी शंका घ्यावी. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी ती जाळी आठवड्यातून एकदा हाताने साफ करावी. शेडमधल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. लेंड्या, वायरीच्या सालीचा चुरा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे बॉनेटमध्ये दिसले, तर स्क्रीनचा विचार बाजूला ठेवून आधी पूर्ण वायरिंग तपासून घ्यावे.

पुराचे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेल्या गाडीत स्क्रीन लागते का, हे कुतूहलापोटीसुद्धा पाहू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाडीची चावी न फिरवता ऋण टर्मिनल काढावे, जागेवरच फोटो घ्यावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टो करूनच न्यावी. ओल्या सर्किटमध्ये वीज सोडली, की जे वाचले असते तेही जाते, आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

सॉफ्टवेअर अपडेट

वरचे सर्व ठीक निघाले आणि स्क्रीन तरीही अधूनमधून गोठत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती पाहावी आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा गाडीतच नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते तपासावे. पेनड्राइव्हने अपडेट करताना तो सांगितलेल्या पद्धतीने, बहुधा एफएटी-३२ मध्ये, फॉरमॅट करावा. अपडेट चालू असताना गाडी बंद करू नये आणि अशक्त बॅटरीवर तर ते सुरूच करू नये. अर्धवट तुटलेल्या अपडेटमुळे बरी होणारी स्क्रीन कायमची जाते. मित्राच्या मित्राने पाठवलेली फाइल आपल्या मॉडेलची आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून ती घालू नये.

गॅरेजमध्ये जाताना

दोष येऊन-जाऊन राहणारा असेल, तर गॅरेजमध्ये पोहोचल्यावर स्क्रीन हटकून नीट चालते. म्हणून दोष दिसेल तेव्हा गाडी उभी करून मोबाइलवर चित्रण करावे आणि सोबत चार ओळी लिहून ठेवाव्यात : गाडी किती वेळ चालली होती, पाऊस होता की ऊन, फोन जोडलेला होता का, बॅटरीचे व्होल्ट किती. जॉब कार्डवर ‘स्क्रीन बंद’ एवढेच लिहू देऊ नये. ‘स्क्रीन काळी, आवाज चालू, रिव्हर्स कॅमेरा दिसत नाही’ असे लिहून घ्यावे. वॉरंटी शिल्लक असेल, तर डॅशबोर्ड स्वतः उघडू नये आणि बाहेरच्या वायरमनलाही वायर कापू देऊ नये.

युनिट बदलावेच लागेल असे सांगितले गेले, तर वीजपुरवठा आणि अर्थिंग मोजले का, स्कॅनर लावून बिघाडाचे कोणते कोड आले, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अनेकदा केवळ वरची टचची काच किंवा मागची रिबन केबल बदलून काम होते आणि मोठ्या शहरांत हेड युनिट दुरुस्त करणारे कारागीर असतात, तेव्हा पूर्ण युनिटची किंमत मान्य करण्यापूर्वी हा पर्याय पडताळावा. भंगारातून आणलेले जुने युनिट स्वस्त पडते खरे, पण कित्येक कंपन्यांची युनिटे मूळ गाडीच्या क्रमांकाशी कोडने बांधलेली असतात आणि दुसऱ्या गाडीत ती उघडतच नाहीत. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि त्याच्या मागच्या कनेक्टरच्या पिनांकडे एकदा पाहावे. त्या हिरव्या पडलेल्या दिसल्या, तर गाडीतल्या वायरीच्या टोकाचा कनेक्टर साफ केला का, हे बिल देण्याआधी विचारावे.